क्रियापदांची वही, अल खोर

बारा ते चार दवाखाना बंद.
बाहेर पार्किंगमधलं डांबर मऊ पडलेलं,
आत मी एसीखाली शाल पांघरून
स्पॅनिश क्रियापदं घोकते,
बार्शीच्या शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकायचे तशीच,
मान हलवत.

कुएन्तेमे. सांगा मला.
नो तिएने के कोन्तेस्तार. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.
या दोन वाक्यांवर पहिला महिना निघाला.

तू म्हणजे तिकडेही तूच,
पण मोठ्या बाईला उस्तेद म्हणावं, पुस्तक सांगतं.
हे मला पुस्तकाने सांगायला नको.
आमच्या आत्याला नव्या सुनेने एकदा 'अगं' म्हटलं,
आत्या भरल्या ताटावरून उठली होती.

मे दुएले. मला दुखतं.
शब्दाला शब्द लागला आणि मी वही मिटून बसले थोडी.
इंग्रजीत दुखणं बाळगावं लागतं, पिशवीसारखं.
या दोन भाषांत ते आपलं आपण येतं
आणि 'मला'च्या उंबऱ्यावर बसतं.

असणं मात्र त्यांच्याकडे दोन.
सोय माला: मी वाईट आहे.
एस्तोय माला: मला बरं नाही.
नोरेल्बा पहिल्या दिवशी पहिलं म्हणाली.
मी चूक काढली नाही,
चूक नव्हतीच ती.
पेन्सिलीने बाजूला तारीख टाकली.

नवरा गॅस प्लांटवर, रात्रपाळीला.
आई माराकाइबोत, तिथली वीज गेलेली,
मावशीने फोन आईच्या कानाशी धरलेला.
कोर्ते, म्हणाली नोरेल्बा. मी तोडला.
पुन्हा लावला तोवर आई नव्हती.

बटण तुम्ही दाबलंत?
तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं,
दुसऱ्या कुणाचा असावा तसं.
नो से. माहीत नाही.

त्या रात्री सापडलं पान ८७ वर:
से कोर्तो. तुटला.
तोडणं आणि तुटणं,
आमच्याकडेही दोन अक्षरं तर बदलतात,
पण एकात माणूस उभा असतो
आणि दुसऱ्यात नुसती तार.
सकाळी गाडी चालवताना तेच तोंडात,
से कोर्तो, से कोर्तो,
खारफुटीच्या वळणावर सिग्नल हिरवा झालेला कळला नाही,
मागच्या पाण्याच्या टँकरने हॉर्न दिला.

तिला दिलं नाही ते.
दुसऱ्याच्या तोंडात क्रियापद घालायचं नसतं.
तीन बुधवार मी फक्त टिश्यूचा डबा सरकवला
आणि एकदा चुकून 'थकणं'ऐवजी 'लग्न करणं' म्हणाले.
कान्सादा, कासादा. ती हसली,
म्हणाली, फार फरक नाही.

काउंटरवरच्या इल्हामला मी ओहाला शब्द दाखवला.
अगं, हा आमचा! ती खुर्चीतून उठलीच,
सुदानची माणसं आनंद झाला की बसून राहत नाहीत.
अल्लाहची मर्जी असती तर, असं काहीसं,
अरबांबरोबर गेला स्पेनला,
तिथून समुद्र ओलांडून त्या माराकाइबोला,
आणि आता नोरेल्बाच्या तोंडून
पुन्हा वाळूत.
त्याच्यामागे क्रियापद नरम होतं,
आपल्या व्हावं, यावं, थांबावंसारखं.
ओहाला मे आया ओईदो.
तिने माझं ऐकलं असावं.

सातव्या बुधवारी धुळीने खिडकी पिवळी होती.
ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती,
किल्ली असेल, गोळी असेल,
आणि वर न बघताच म्हणाली:
से कोर्तो. वोस एन्तेन्देइस?

तुटला, हे मला कळलं.
वोस कळेना.
पुस्तकात तू आहे, उस्तेद आहे,
वोसचा रकानाच नाही.
घरच्यांना म्हणतो आम्ही, तिने सांगितलं,
आईला म्हणायचे मी.
आणि किल्ली सापडली तिला.

संध्याकाळी पट्टी घेऊन
मी वहीच्या समासात एक रकाना आखला.
शाई थोडी फुटली.
अजून त्यात एकच रूप आहे.